भिंतीच्या आत मुंग्या: फवाऱ्याने जात नाहीत, मग कशाने जातात?

उंबरठा
स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या भिंतीतून मुंग्या निघत आहेत. टाइलच्या सांध्यातून, स्विचबोर्डाच्या कडेने आणि दाराच्या चौकटीमागून, अशा तीन ठिकाणांहून. लांबी जेमतेम २ मिमी, रंग पिवळट. फवारा मारला की दोन दिवस शांत, मग भलत्याच जागेतून रांग सुरू. फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या तर पलीकडच्या खोलीत निघाल्या. भिंत न फोडता बंदोबस्त कसा करायचा? घरात रांगतं मूल आहे, ते धरून सांगा.

ओलकाट
आधी फवारा कपाटात ठेवून द्या. तुम्हाला दिसतात त्या फक्त अन्न शोधायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या, म्हणजे वस्तीचा लहानसा हिस्सा. राण्या, अंडी, अळ्या आणि कोष आत. रांगेवर फवारा मारून वस्तीचं काहीही बिघडत नाही.

तुमच्या वर्णनावरून ही फॅरो अँट असावी आणि तिच्या बाबतीत फवारा नुसता निरुपयोगी नाही, उलटा पडतो. हिच्या एका वस्तीत अनेक राण्या असतात. धोका जाणवला की काही कामकरी मुंग्या अळ्या आणि एखाददुसरी राणी घेऊन वेगळा संसार थाटतात. एका वस्तीच्या तीन होतात त्या अशा. फटी बुजवल्यावर पलीकडच्या खोलीत निघाल्या त्याचं कारण आणखी साधं आहे: भिंतीतली वाट चालूच होती, तुम्ही फक्त एक दार बंद केलं.

क्रम असा ठेवा: ओळख, माग, आमिष, वाट पाहणे आणि सगळ्यात शेवटी फटी बुजवणे. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात.

चिमटा
ओळखीबद्दल थोडं. साध्या भिंगातून पाहा, मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं.

सगळं अंग पिवळट आणि पोटाचं टोक गडद: फॅरो. डोकं काळपट आणि पोट फिकट, जवळजवळ पारदर्शक: घोस्ट अँट. ही चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो. पाय लांबच लांब, रंग काळा, रांग मोडून वेड्यावाकड्या धावणाऱ्या: क्रेझी अँट. यांची वस्ती बरेचदा भिंतीत नसतेच, बाहेर कुंडीखाली किंवा कचऱ्याखाली असते आणि भिंत म्हणजे नुसता रस्ता. मोठे काळे मुंगळे असतील आणि चौकटीखाली लाकडाचा कीस पडत असेल तर तो वेगळाच विषय आहे, त्यावर कुणी लिहीलच.

पंखवाल्या दिसल्या तर घाबरण्याआधी कंबर बघा. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीला कंबर अशी नसतेच, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारखे. वाळवी निघाली तर या धाग्यातलं काहीच तिला लागू नाही.

रेघोटी
मागाबद्दल लिहितो, कारण यातच लोक कंटाळा करतात.

एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर साखरपाण्याचा थेंब आणि दुसऱ्यावर शेंगदाण्याच्या तेलकट लगद्याचा ठिपका ठेवा. दोन्ही रांगेपासून वीतभर अंतरावर. तासाभराने गर्दी कुठे आहे ते बघा. अळ्या वाढत असतात तेव्हा वस्तीला प्रथिनं लागतात आणि त्या काळात गोडाकडे मुंग्या ढुंकूनही बघत नाहीत. आमिष कशात कालवायचं ते या चाचणीवरून ठरतं. पंधरवड्याने ती पुन्हा करा, आवड बदलते.

मग परतणाऱ्या मुंग्यांच्या मागे लागा. येणाऱ्या नाही, जाणाऱ्या. साखरपाण्यात खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकला तर काम सोपं होतं. फिकट मुंगी रंगीत पाणी प्यायली की तिचं पोट ताणतं, पोटावरच्या गडद पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधल्या पातळ कातडीतून आतला लाल किंवा निळा रंग स्वच्छ दिसतो. तशी रंगीत पोटाची मुंगी ज्या फटीत शिरते ती परतीची वाट. तिथे कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने बाण काढा. हे रात्री करा, घर निजल्यावर, मंद उजेडात. दिवसा एक दिसते तिथे रात्री तीन वाटा दिसतात.

सगळे बाण एका ओल्या भागाकडे वळत असतील तर वस्ती तिथेच आहे. बाण खिडकीकडे किंवा पाइपाच्या भोकाकडे जात असतील तर वस्ती बहुधा बाहेर आहे.

गवंडीदादा
भिंतीच्या आत म्हणजे नक्की कुठे, हेही बघायला हवं. भरीव विटांच्या भिंतीत आत पोकळी नसते. मग मुंग्या राहतात कुठे? वायरच्या कंड्युटमध्ये (वायरी ज्यातून जातात ती नळी), चौकटीमागे मसाला नीट न भरलेल्या जागेत, स्कर्टिंगच्या मागे, आणि सगळ्यात जास्त टाइलच्या मागे. टाइलला चार कोपऱ्यांत मसाल्याचे गोळे लावून ती भिंतीवर दाबली असेल तर मध्ये पोकळी राहते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टाइल हलकेच ठोका. भरीव टाइलचा आवाज ठोस येतो, पोकळ टाइल ढोलासारखी पोकळ वाजते. न्हाणीघराच्या बाजूने ओल आणि मागे पोकळी, म्हणजे मुंग्यांना आयतं घर. पोकळ ब्लॉकच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या भिंतीत मात्र पूर्ण भिंतच उपलब्ध असते.

टाइलच्या सांध्यापाशी किंवा स्कर्टिंगखाली रेतीची छोटी ढिगुली रोज जमत असेल तर वस्ती भिंतीत नाही, जमिनीच्या लादीखाली आहे. ती रेती त्यांनी खणून बाहेर टाकलेली असते.

मोजमाप
आता आमिष. बोरिक अॅसिडचं गोड पाणी:

पाणी ५०० मिली, कोमट
साखर ५० ग्रॅम
बोरिक अॅसिड ५ ग्रॅम

म्हणजे १ टक्का बोरिक, १० टक्के साखर. आधी बोरिक कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, तळाशी कण राहता कामा नयेत, मग साखर घाला. वजनकाटा नसेल तर सपाट केलेला ५ मिलीचा चमचा साधारण ४ ग्रॅम भरतो, त्यामुळे एक सपाट चमचा आणि वर चिमूटभर.

बोरिक अॅसिडऐवजी टाकणखार (बोरॅक्स) असेल तर प्रमाण दीडपट, म्हणजे साडेसात ग्रॅमच्या आसपास, कारण त्यात बोरॉन कमी असतं. फुलवलेला टाकणखार वापरू नका, त्यातलं पाणी उडालेलं असल्याने वजनाचा हिशेब चुकतो. आणि 'कॅरमची पावडर' म्हणून मिळते ती प्रत्येक वेळी बोरिक असतेच असं नाही, काही नुसत्या स्टार्चच्या असतात. डब्यावर घटक वाचा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. 'एक टक्का म्हणजे किती कमी, जरा जास्तच घालू या.' नको! विष सावकाश चढायला हवं. कामकरी मुंगी पाणी पिऊन आत जाते आणि तोंडातून तोंडात इतरांना भरवते, तेच पुढे राणीपर्यंत पोहोचतं. प्रमाण ४-५ टक्क्यांवर गेलं की मुंगी एकतर तोंडच लावत नाही, नाहीतर घरी पोहोचण्याआधी मरते. ताटलीभोवती मेलेल्या मुंग्यांचा खच पडला तर ते यश नव्हे, मिश्रण कडक झालंय.

उंबरठा
चाचणी केली. गोडाकडे गर्दी आहे, तेलकटाकडे दोन-चारच. पण आमिष उघडं कसं ठेवू? मूल हात घालेल.

मोजमाप
उघडं ठेवायचंच नाही. झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी घ्या, औषधाची रिकामी असते तेवढी. बाजूला, तळापासून १ सेमी वर, तापवलेल्या सुईने २-३ मिमीची चार भोकं पाडा. आत कापसाचा बोळा, त्यावर मिश्रण इतकंच की बोळा ओला राहील पण पाणी साचणार नाही. साचलं तर मुंग्या बुडतात आणि मागच्या परत फिरतात. झाकणावर चिकटपट्टी आणि ठळक अक्षरात 'विष'. उरलेलं मिश्रण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका.

जागा मुलाच्या हाताबाहेरच्या: चौकटीच्या वरच्या कडेवर, टाइल जिथे संपतात त्या काठावर, सिंकखालच्या कुलूपबंद कप्प्यात. मुंग्या तिथवर चढतात, त्यांना उंचीचं काही नाही. प्रमाण कमी आहे म्हणून बिनधास्त राहू नका. पोटात गेलं तर बोरिक विषारीच आहे, लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना जास्त.

दर दोन-तीन दिवसांनी बोळा बदला. पाणी उडून गेलं की उरलेलं मिश्रण आपोआप घट्ट आणि कडक होतं, आणि वर लिहिलेली चूक तुमच्या नकळत घडते. आंबलं किंवा बुरशी धरली तर फेकून ताजं भरा.

हातघाई
एवढं सगळं करण्यापेक्षा फटीत थोडं रॉकेल किंवा उकळतं पाणी ओतलं तर? एका झटक्यात काम.

तारतम्य
रॉकेल अजिबात नाही. भिंतीत वायरिंग आहे, वाफ पोकळीत साठते आणि एका ठिणगीने भडकते. उकळतं पाणी फटीतून दोन-तीन इंच जाईपर्यंत निवतं, वस्ती जागेवर राहते आणि तुम्ही तिला हवी असलेली ओल पुरवता. बोर्डाजवळ पाणी ओतलंत तर आणखी शोभा.

स्विचबोर्डाचा प्रश्न वेगळा आहे म्हणून सविस्तर. बोर्डात मुंग्या शिरतात कारण कंड्युट त्यांचा सरळ रस्ता आहे. संपर्कबिंदूंमध्ये अडकून झटका बसलेली मुंगी धोक्याचा गंध सोडते, त्या गंधाने आणखी येतात आणि बघता बघता पेटी मेलेल्या मुंग्यांनी भरते. मग स्विच नीट दबत नाही, ठिणग्या पडतात.

मेन एमसीबी बंद. बोर्ड उघडण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ तपासा, नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. कोरड्या मऊ ब्रशने मुंग्या झाडा, व्हॅक्यूमची अरुंद नळी असेल तर उत्तम. पेटीत फवारा नाही, ओलं आमिष नाही आणि बोरिक पावडरही नाही. पावडर ओल धरते आणि जोडण्या गंजवते. कंड्युट जिथे पेटीत उघडतो तिथे वायरींभोवती न सुकणारी इलेक्ट्रिकल पुट्टी दाबून बसवा, ती पुढे काढताही येते. सिमेंट भरू नका, पुढच्या वेळी वायर ओढणारा तुम्हाला शिव्या देईल. स्विचचं प्लास्टिक काळं पडलेलं दिसलं तर तो बदलायचा, आणि याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आमिषाची डबी बोर्डापासून फूटभर लांब, रांगेच्या वाटेवर.

हातघाई
बरं, रॉकेल रद्द. पण फटीत पावडर फुंकली तर चालेल ना? डायटोमेशियस अर्थ, म्हणजे ती मातीसारखी बारीक पावडर, बिनविषारी असते म्हणतात.

ओलकाट
चालते, पण दोन अटींवर. जागा कोरडी हवी आणि थर इतका पातळ हवा की बोटाने पुसल्यावरच कळावा. ही पावडर मुंगीच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि शोषते, मग ती सुकून मरते. ओल लागली की परिणाम संपला. धाग्यातली भिंत न्हाणीघराची आहे, तिथे पैसे वाया. जाड थर दिला तर मुंग्या वळसा घालून जातात. 'भरपूर फुंकली तरी फरक नाही' अशी तक्रार असते तेव्हा कारण हेच, भरपूर फुंकली. बिनविषारी असली तरी बारीक धूळ आहे, नाकावर मास्क हवा.

कोरड्या पोकळीत, जिप्सम बोर्डामागे किंवा फॉल्स सीलिंगवर, रबरी फुग्याच्या डस्टरने दोन हलके फुसकारे पुरतात. डस्टर अर्धाच भरा, गच्च भरला तर ढेकळं बाहेर पडतात. आमिष चालू असताना त्याच वाटेवर पावडर नको. एकीकडे जेवायला बोलवायचं आणि दारात काठी घेऊन उभं राहायचं, असा प्रकार होतो.

मुंग्यांचा खडूही याच कारणाने बाद. त्यात पायरेथ्रॉइड प्रकारचं कीटकनाशक असतं, रांग फक्त वळते. शिवाय तो हुबेहूब लिहायच्या खडूसारखा दिसतो, रांगतं मूल असलेल्या घरात नकोच.

चिमटा
तयार जेलबद्दल कुणी लिहिलं नाही. गोडाचं आमिष घेत नसतील किंवा मिश्रण करायचा कंटाळा असेल तर जेल चांगलं. फक्त मुंग्यांसाठीचं घ्या. झुरळांचं जेल मुंग्यांना घालू नका. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचंच उदाहरण घ्या: झुरळांच्या जेलमध्ये ते २.१५ टक्के असतं, मुंग्यांच्या जेलमध्ये ०.०३ टक्के. सत्तर पटींचा फरक आहे, मुंगी वाटेतच मरणार.

३-४ मिमीचे ठिपके, एकमेकांपासून हातभर अंतरावर, वाटेच्या कडेला. वाटेवर मधोमध नाही. भिंतीला थेट लावण्यापेक्षा चिकटपट्टीच्या तुकड्यावर लावा, सुकलं की पट्टीसकट काढता येतं. जिथे आधी फवारा मारलाय ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच आमिष लावा. फवाऱ्याचा हात न धुता जेल हाताळलंत तरी मुंग्या टाळतात.

उंबरठा
डब्या लावल्या. आता मुंग्या दसपट झाल्या आहेत! चौकटीवर काळी, म्हणजे पिवळी, दोरीच झालीय. घरचे म्हणतात हे काय चालवलंय.

रेघोटी
उत्तम चाललंय. अन्न सापडल्याचा गंधमाग जितका पक्का, तितक्या जास्त येणार. आता तीन गोष्टी करायच्या नाहीत: फवारा, पोचारा, आणि घाबरून डबी उचलणं. बोळा सुकू देऊ नका, गर्दी आहे तोवर रोज बघा. आमिष मध्येच संपलं तर त्या दुसरं अन्न शोधतात आणि माग मोडतो. त्याच वेळी बाकीचं गोड झाकून ठेवा, ओटा रात्री कोरडा करा. आमिषाला स्पर्धा नको. पुसताना आमिषाची वाट तेवढी सोडून पुसा.

साधारण तीन-चार दिवसांत गर्दी ओसरायला लागते. चोवीस तास उलटूनही कुणी तोंड लावलं नाही तर मात्र जागा किंवा आमिष बदला.

मोजमाप
आणि गर्दी ओसरली म्हणजे संपलं असं नाही, इथे दुसरी मोठी चूक होते. कोषातली मुंगी काही खात नाही, त्यामुळे तिच्यापर्यंत विष पोहोचत नाही. ती काही दिवसांनी बाहेर येते, आणि एखादी राणी शिल्लक असेल तर गाडी पुन्हा सुरू. फॅरो अँटच्या अंड्याची कामकरी मुंगी व्हायला साधारण ३८ ते ४५ दिवस लागतात. म्हणून एकही मुंगी दिसत नसली तरी डब्या सहा ते आठ आठवडे भरलेल्या ठेवायच्या.

फॅरो असेल तर डब्या एका खोलीत लावून भागत नाही. वस्त्या फुटलेल्या असतात, दोन्ही खोल्यांत आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं घर असेल तर त्यांच्याकडेही एकाच वेळी लावा. एकाने आमिष लावायचं आणि दुसऱ्याने फवारायचं, यात वर्ष निघून जातं.

सुतारपक्षी
वर मुंगळ्यांचा उल्लेख आला म्हणून. मुंगळे लाकूड खात नाहीत, पोखरून राहतात आणि कीस बाहेर ढकलतात. किसात मेलेल्या किड्यांचे तुकडेही सापडतात. पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर ते भुंगेऱ्यांचं काम, आणि मातीच्या नळ्या असतील तर वाळवी. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात दाबून बघा. सहज शिरलं तर ते लाकूड कुजलंय, आणि कुजलंय म्हणजे कुठून तरी पाणी येतंय. खिडकीच्या खालच्या चौकटीत आणि न्हाणीघराच्या दारात तळाच्या वीतभर भागात हे हमखास. आमिषाने मुंगळे मरतील, पण तो भाग कापून नवा बसवला नाही आणि गळती थांबवली नाही तर पुढच्या हंगामात दुसरे येतील.

गवंडीदादा
गळतीवरून. न्हाणीघराच्या भिंतीत ओल कुठून येते ते शोधायला एक सोपी कसोटी. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, दोन तास पाणी न वापरता पुन्हा बघा. टाकीवरून पाणी येत असेल तर टाकीतल्या पातळीवर खूण करा, फक्त टाकी भरणारा नळही तेवढा वेळ बंद ठेवा. आकडा किंवा पातळी हलली तर दाबाच्या पाइपात गळती आहे. हलली नाही आणि तरी भिंत ओली, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात किंवा टाइलच्या सांध्यांत. सांधे खरवडून साधारण ३ मिमी खोल मोकळे करा, कोरडे होऊ द्या, मग इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला) भरा. जुन्या ग्राउटवरून नवा थर फासला तर तो महिन्याभरात सुटतो.

फटी बुजवायची वेळ आली की (सहा-आठ आठवड्यांनंतर, आधी नाही) पांढरं सिमेंट फक्त न हलणाऱ्या सांध्यांत वापरा. लाकडी चौकट आणि भिंत यांच्या मधली फट हवामानाप्रमाणे कमी-जास्त होते, तिथे सिमेंट केसासारखं तडकतं आणि २ मिमीच्या मुंगीला केसभर फट म्हणजे कमान. तिथे अॅक्रिलिक सीलंट, त्यावर रंगही बसतो. सिंक आणि पाइपांभोवती सिलिकॉन, पण पृष्ठभाग खडखडीत कोरडा आणि तेलकटपणा पुसलेला हवा, आणि नंतर २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. फट ६ मिमीपेक्षा रुंद असेल तर आधी आत फोमची दोरी दाबा, नाहीतर सीलंट आत कोसळतं.

ओलकाट
बाहेरचा भागही बघून घ्या. भिंतीला टेकलेली फांदी किंवा वेल म्हणजे पूल, हातभर अंतर राहील इतकी छाटा. खिडकीतल्या कुंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या वर्षभर येत राहतात. आधी ती कीड काढा. एसीच्या नळीचं भोक बाहेरून बंद आहे का तेही तपासा, ते उघडंच सोडलेलं असतं.

उंबरठा
चौकटीवरची दोरी गेली. बोर्डातून येणं थांबलंय. पण टाइलच्या एका सांध्यातून अजून पाच-सहा दिसतात आणि त्या आता गोडाला शिवत नाहीत. मिश्रण ताजं आहे.

रेघोटी
आवड बदलली असेल, अळ्यांना प्रथिनं हवी असतील. त्याच सांध्यापाशी तेलकट आमिष लावा. ५० ग्रॅम शेंगदाण्याचा लगदा, अर्धा ग्रॅम बोरिक, चमचाभर तेलात आधी बोरिक नीट घोटून मग लगद्यात कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात आणि एका घासात जास्त जातं. डबीत वाटाण्याएवढी गोळी पुरे, चार दिवसांनी बदला कारण तेल खवट होतं. ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांच्या घरात हे नको, तिथे प्रथिनांचं तयार जेल घ्या. गोडाच्या डब्या काढू नका, दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या.

गवंडीदादा
आणि ती टाइल ठोकून बघा. पोकळ वाजली तर तिच्या खालच्या सांध्यात ओल आहे का ते कळवा.